धाकट्या वस्तादांचे ताट

रणधीर इंगवले वस्तादांच्या देवघरात, मारुतीच्या तसबिरीशेजारच्या कोनाड्यात, एक काचेचे पात्र होते. आणि त्या पात्रात वस्तादांचे आतडे जगत होते.

वाक्य चमत्कारिक वाटेल, परंतु त्यात अलंकार नाही. एकविसाव्या शतकाचा मध्य तेव्हा उलटून गेला होता. मोठ्या आतड्याचा कर्करोग, जो पूर्वी आपल्या प्रांतात तुलनेने विरळ मानीत, तो आता गावोगावी आढळू लागला होता. त्याची कारणे कोणापासून लपलेली नव्हती. ताटातला कोंडा, पाला आणि कडधान्य कमी झाले होते. लाल मांस व कारखान्यात टिकवलेले मांस वाढले होते. माणसे बसून राहू लागली होती आणि कमरेचा घेर वाढत होता. मद्य आणि तंबाखू तर पूर्वापार होतेच. वैद्य हे घसा कोरडा होईपर्यंत सांगत. परंतु असे खाणाऱ्या पुष्कळांना हा रोग होतो, एवढे ऐकून कोणाचाही हात ताटावरून मागे येत नाही. आपण त्या पुष्कळांतले नव्हे, अशी प्रत्येकाची मनोमन खात्री असते. ही खात्री मोडण्यासाठीच प्रतिकोष्ठ जन्माला आला.

त्याची रचना अशी. आपल्या आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी झडते आणि नवे येते. हे नवे अस्तर ज्या मूळ पेशींपासून उगवते, त्या अस्तराच्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी वस्ती करून असतात. दुर्बिणीने तपासणी करताना वैद्य त्या अस्तराचा तिळाएवढा कण काढून घेत. प्रयोगशाळेत त्यातील मूळ पेशी एका मृदू जाळीवर रुजवीत, आणि यथावकाश करंगळीएवढी जिवंत नलिका सिद्ध होई. रंग तोच, वळ्या त्याच, बीज तेच. तीत त्याच मनुष्याच्या पोटातील जिवाणू वसवीत. मग त्या मनुष्याच्या रोजच्या जेवणातील एक घास पात्राच्या मुखात घालायचा. पात्र तो दळी, पाचक रसांत मुरवी आणि उरलेला चोथा नलिकेतून फिरवी. पेशींची वाढ औषधाने वेगवान केलेली असे. पात्रातल्या एका आठवड्यात मनुष्याच्या एका महिन्याइतके वय सरे. त्यामुळे काही वर्षे जपलेल्या प्रतिकोष्ठात मनुष्याला आपले पुष्कळ पुढचे आतडे आजच पाहता येई. त्यावर कोंब, म्हणजे मांसाची लहानशी उगवण, दिसला, तर त्या कोंबाचा पुढे कर्करोग होण्याआधी सावध होण्यास अवकाश मिळे.

रणधीर इंगवले हे दूधगंगेच्या काठच्या शिरगुंडी गावचे वस्ताद. वीर मारुती तालमीची लाल माती त्यांच्या घराण्याने तीन पिढ्या राखली. तरुणपणी त्यांनी मोठमोठी मैदाने मारली. पुढे एका कुस्तीत गुडघा निखळला, आणि तेव्हापासून ते कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कट्ट्यावर बसून शिकवू लागले. त्यांच्या हयातीची खरी मेख येथेच होती. पहाटे हजार जोर आणि तितक्याच बैठका काढणाऱ्या देहासाठी जो खुराक बांधला जातो, तो त्या देहाला शोभतो. सकाळची बदाम-खसखशीची थंडाई, दुपारचे मटण आणि त्याचा आळणी रस्सा, संध्याकाळी तव्यावर खरपूस भाजलेली कलेजी, वर तुपाची धार. वस्तादांची कुस्ती सुटली. खुराक सुटला नाही. खुराक सोडणे म्हणजे पैलवान मेला असे जाहीर करणे, ही त्या मातीतली समजूत होती, आणि तिच्याविरुद्ध बोलण्याची गावात कोणाची छाती नव्हती.

पन्नाशी गाठताना एकदा पोटाच्या तक्रारीवरून त्यांची तपासणी झाली. दोन लहान कोंब सापडले, ते तेथल्या तेथे काढले गेले. त्यांचे वडीलही पोटाच्याच दुखण्याने गेले होते. हे ऐकून तपासणी करणाऱ्या डॉक्टर स्नेहल मगदूम यांनी दोन गोष्टी सांगितल्या: तीन वर्षांनी पुन्हा दुर्बिणीची तपासणी करावी, आणि तोवर घरी प्रतिकोष्ठ ठेवावा. जिल्ह्यातील प्रतिकोष्ठांची देखरेख त्यांच्याकडेच होती.

पात्र घेऊन त्या स्वतः शिरगुंडीस आल्या. त्याला ऊब हवी, धक्का नको, धूर नको. सारे घर हिंडून त्यांनी देवघरातला कोनाडा पसंत केला. वस्तादांच्या पत्नी ऊर्मिलाबाई यांना त्यांनी समजावून दिले, की वस्ताद जेवायला बसले म्हणजे त्यांच्या ताटातला, ते जे खात असतील त्यातलाच, एक घास पात्रात घालायचा. ऊर्मिलाबाईंनी मान डोलावली. तेवढ्यात वस्तादांचा जुना जोडीदार इलाही मुल्लाणी, ज्याचे मटणाचे दुकान तालमीच्या समोरच होते, तो कौतुकाने डोकावला. काचेत हलणारी ती गुलाबी नळी बराच वेळ न्याहाळून तो म्हणाला, “म्हंजे हे धाकटे वस्तादच की. पोट तेवढं आलंय, मिशा मागनं येतील.”

तेव्हापासून पात्राचे नाव ‘धाकटे वस्ताद’ पडले.

सांगितलेला शब्द ज्या घरात जातो, त्या घराचा होऊन राहतो. इंगवल्यांच्या घरात मटणाची चूल परसातल्या पडवीत होती. तेथे शिजलेले देवघराचा उंबरा ओलांडीत नसे. वस्ताद ते पडवीच्या ओट्यावर बसूनच जेवत. शिवाय जेवायला बसलेल्या माणसाच्या ताटातला घास म्हणजे उष्टे. मारुतीच्या शेजारी बसलेल्या कोणाला उष्टे घालावे, ही कल्पनाच ऊर्मिलाबाईंच्या मनाला शिवली नाही. आतल्या स्वयंपाकघरात देवासाठी म्हणून जे शिजे, ते कोणाचाही हात लागण्यापूर्वी त्या लहानशा ताटलीत काढीत. शाळूची भाकरी, चाकवताची किंवा पोकळ्याची भाजी, मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर. ताटलीभोवती पाणी फिरवून, आधी मारुतीला दाखवून, मग त्यातला घास त्या पात्राच्या मुखी घालीत. एकादशीला धाकटे वस्तादही वरीचे तांदूळ खात. ऊर्मिलाबाईंनी आपल्या बुद्धीप्रमाणे सूचनेत काडीचाही बदल केला नव्हता. केवळ तिला आपल्या घराची रीत लावली होती. वस्तादांनी देवघरात काय वाढले जाते याची चौकशी कधी केली नाही. स्वयंपाकघरात डोकावणे त्यांना कमीपणाचे वाटे.

हीच भाजी आणि हीच उसळ ऊर्मिलाबाई रोज पडवीतल्या ताटातही वाढीत. वस्ताद ती ताटाच्या कडेला सारीत. इलाहीने एकदा विचारले असता त्यांनी दिलेले उत्तर गावात म्हणीसारखे फिरले. “पाला बकरं खातंय, बकरं मी खातोय. मग पाला आलाच की पोटात.”

दर महिन्याला डॉक्टर मगदूम दूरवरून पात्राची पाहणी करीत आणि निरोप पाठवीत: अस्तर निर्मळ आहे, आहार उत्तम आहे, असाच चालू ठेवावा. वस्ताद हा निरोप कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवीत. पैलवानाचा खुराक काय चीज आहे, हे शेवटी यंत्रालाही कळले, असे ते म्हणत, आणि त्या संध्याकाळी कलेजीची एक वाटी जास्त घेत. ऊर्मिलाबाई तोच निरोप ऐकून देवापुढे साखर ठेवीत. एका वाक्याने दोन माणसांचे समाधान होत होते, आणि दोघांनाही ते वाक्य कोणाविषयी आहे हे ठाऊक नव्हते.

तीन वर्षे झाली. दुर्बिणीच्या तपासणीचा निरोप आला. वस्तादांनी कळवले की धाकटे साफ आहेत, तेव्हा थोरल्यांना त्रास कशाला. डॉक्टरांनी पुन्हा दोनदा आठवण केली. परंतु त्यांनाही पात्रातले निर्मळ अस्तर दिसत होते, आणि ज्यांच्या पात्रांत कोंब उगवले होते अशांची रांग मोठी होती. एकट्या इलाहीने टोकले. तो म्हणाला, “जाऊन या की वस्ताद. मी मटण इकतो, नशीब न्हाई इकत.” वस्ताद हसले. आणखी तीन वर्षे गेली.

मग शौचाच्या वेळी रक्त दिसू लागले. वस्तादांनी त्याला मूळव्याध मानले आणि कोणाला न सांगता ताक आणि त्रिफळा चालू केला. चेहरा पांढुरका पडला, तो त्यांनी वयावर ढकलला. एके सकाळी हौदात उतरून ते मुलांना घिस्सा डाव दाखवीत होते. समोरच्या पोराच्या मानेवर हात गेला, आणि तो हात तेथेच सैल झाला. वस्ताद गुडघ्यांवर आले. मग लाल मातीत कपाळ टेकले. पोरांना वाटले, डावाचाच भाग असेल.

कोल्हापूरच्या रुग्णालयात निदान झाले. आतड्याच्या डाव्या भागात गाठ होती, आणि लगतच्या काही ग्रंथींपर्यंत रोग पोहोचला होता. शस्त्रक्रिया करावी लागणार होती, नंतर काही महिने औषधे. डॉक्टर मगदूम यांनी ती छायाचित्रे पुनःपुन्हा पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी त्या शिरगुंडीस आल्या.

त्या वेळी ऊर्मिलाबाई वस्तादांचे कपडे नेण्यासाठी घरी आल्या होत्या. डॉक्टर कोनाड्यासमोर खाली बसल्या आणि पात्राकडे अविश्वासाने पाहत राहिल्या. आतली नलिका तजेलदार, गुलाबी, एकाही डागावाचून हलत होती. त्यांनी शांतपणे सांगितले, की हे यंत्र खोटे बोलले आहे आणि का, ते समजत नाही. जिल्ह्यातल्या शेकडो घरांत अशी पात्रे आहेत. एक फसले, तर कोणत्याच पात्रावर भरवसा ठेवता येणार नाही; कारण सापडेपर्यंत सर्वांना तसे कळवावे लागेल आणि हा उपक्रम बंद पडेल. मग त्यांनी सहज, आरोपाचा लवलेशही नसलेल्या स्वरात विचारले, की घास रोज कसा घालत होतात.

ऊर्मिलाबाईंच्या हातात वस्तादांचे धोतर होते. प्रश्नाचा अर्थ त्यांना त्या क्षणी पूर्ण कळला. सहा वर्षांत जे कळले नव्हते ते सारे एकदम कळले. पडवीतली चूल, देवघराचा उंबरा, ताटलीभोवतीचे पाणी, सारे डोळ्यांपुढून गेले. त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं तसंच.”

डॉक्टर पात्राच्या नोंदी उतरवून घेऊन गेल्या. ऊर्मिलाबाई देवघराच्या दारात बसून राहिल्या. त्या दिवशी त्यांनी पात्राला घास घातला नाही, आणि मारुतीलाही नैवेद्य दाखवला नाही. दाखवावयास तोंड उरले नव्हते.

शस्त्रक्रिया पार पडली. आतड्याचा रोगट भाग काढून दोन्ही टोके जोडली गेली. वस्ताद खाटेवर पडून होते; त्यांच्या रुंद छातीखाली पोट इतके आत गेले होते की चादर तेथे खोलगट दिसे. ऊर्मिलाबाई त्यांच्या ओठांना पाणी लावीत, पाय चेपीत, आणि त्यांची नजर आपल्याकडे वळली की दुसरीकडे पाहत. एक वाक्य त्यांच्या जिभेवर रोज येई आणि रोज मागे जाई. ते उच्चारले तर हा मनुष्य उरलेले आयुष्य आपल्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहील, याचे त्यांना भय होते. न उच्चारले तर यंत्राला दोष जाईल. यंत्राला थोडेच दुःख होणार आहे, असे त्या स्वतःला समजावीत.

हे समाधान रुग्णालयाच्या ओसरीवर मोडले. तेथे बाकावर शेजारच्या गावच्या शिक्षिका सुलक्षणा चौगुले बसल्या होत्या. ओळख निघाली. त्यांच्या घरीही प्रतिकोष्ठ होता आणि महिन्यापूर्वी त्यात कोंब दिसला होता. डॉक्टरांनी तातडीने तपासणीस बोलावले होते. आणि त्या केवळ ती रद्द करण्यासाठी आल्या होत्या. वस्तादांची बातमी पंचक्रोशीत पोहोचली होती. सुलक्षणाबाईंचा चेहरा उजळलेला होता. किती दिवसांनी झोप लागली, असे त्या सांगत होत्या.

“तुमच्या वस्तादांचं साफ दाखवलं, आणि आत नासकं निघालं,” त्या म्हणाल्या. “मग माझं नासकं दाखवतंय म्हंजे मी साफ असणार. आता दिवाळीनंतर लेकीचं लगीन हाय, कशाला उगं चिरफाड?”

ऊर्मिलाबाईंनी त्यांचा हात धरला आणि तो सोडेनात. जरा थांबा, जाऊ नका, एवढेच त्या म्हणाल्या. मग त्या उठून डॉक्टर मगदूम यांच्या खोलीकडे गेल्या, आणि त्यांना तेथे न बोलता सरळ वस्तादांच्या खाटेपाशी घेऊन आल्या. जे सांगायचे ते त्या मनुष्याच्या पाठीमागे सांगायचे नाही, एवढे त्यांनी वाटेत ठरवले होते.

“डॉक्टर, यंत्र खोटं न्हाई,” त्या म्हणाल्या. “त्याच्याम्होरचं ताट खोटं हुतं.”

मग त्यांनी सारे सांगितले. परसातली चूल, सोवळ्यातली भाजी, उष्टे न घालण्याचा नेम, एकादशीचे वरीचे तांदूळ. आवाज एकदाही चढला नाही, आणि रडूही आले नाही. डॉक्टरांनी मध्येच विचारले, की मटणाचा एकही घास कधी गेला नाही का. ऊर्मिलाबाई म्हणाल्या, देवघरात कसा जाईल?

डॉक्टर मगदूम खुर्चीवर बसल्या. पात्रातल्या रसात मांसातले लोह कधीच आढळत नव्हते, हे त्यांच्या नोंदींत प्रथमपासून दिसत होते. वस्तादांनी आहार बदलला असे समजून त्या संतुष्ट झाल्या होत्या, आणि पैलवानाच्या घरी मटण बंद कसे झाले, हे विचारण्याचे त्यांना सुचले नव्हते. इतकेच त्या बोलल्या. मग लगबगीने ओसरीवर गेल्या, आणि सुलक्षणाबाईंना स्वतः हाताला धरून तपासणीच्या खोलीत घेऊन गेल्या.

त्या परतल्यावर वस्तादांनी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी दाखवा.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या पडद्यावर ती दाखवली. डावीकडे शस्त्रक्रियेत काढलेले आतडे: सुजलेले, काळसर, मध्ये कोबीच्या गड्ड्यासारखी गाठ. उजवीकडे पात्रातली नलिका, वयाने वीसएक वर्षांनी मोठी, तरीही सकाळच्या कमळासारखी. त्या सांगू लागल्या, की भाजीतला आणि कडधान्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो पोटातले जिवाणू खातात, आणि त्यातून जे आम्ल निर्माण होते त्यावरच आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. चोथा मिळाला नाही तर पेशी उपाशी राहतात. उलट लाल मांसातले लोह आणि करपलेल्या भागातली द्रव्ये त्याच पेशींच्या बीजाला इजा करतात. वर्षानुवर्षांच्या असंख्य इजांतून एखादी पेशी आवर सोडून वाढू लागते. तथापि एका जोडीवरून शास्त्र काही सिद्ध करीत नाही, हेही त्यांनी बजावले. वडिलांकडून आलेले बीज होते, कट्ट्यावरचे बसणे होते, वजन होते, आणि यदृच्छाही होती. भाजी खाणाऱ्यालाही हा रोग होतो. मटणाच्या अमुक वाटीने तो झाला, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

वस्तादांचे लक्ष तिकडे नव्हते. ते उजवीकडच्या चित्राकडे पाहत होते.

“म्हंजे हे पण मीच,” ते म्हणाले.

मग त्यांनी प्रथमच पत्नीकडे मान वळवली. स्वर खोल आणि थंड होता. “माझ्या नावानं त्येला चारत राहिलीस. त्येचा देव केलास. आणि मला कळू दिलं न्हाईस.”

ऊर्मिलाबाईंनी खाली पाहिले नाही. “तुमच्या ताटात पण तीच भाजी वाढत हुते,” त्या म्हणाल्या. “रोज. त्येनं कधी ताटातलं बाजूला सारलं न्हाई.”

वस्तादांनी तोंड भिंतीकडे केले. पुढे पुष्कळ दिवस ते पत्नीशी कामापुरतेही बोलले नाहीत.

सुलक्षणाबाईंच्या पोटात कोंब निघाला. तो अजून कोंबच होता, कर्करोग नव्हता. तो तेथल्या तेथे काढला गेला, आणि लेकीच्या लग्नाची पत्रिका इंगवल्यांच्या घरी प्रथम आली. उपक्रम बंद पडला नाही. सूचना मात्र नव्याने लिहिल्या गेल्या. त्यांत देवघर, उष्टे, सोवळे हे शब्द आले, आणि घास कोणत्या चुलीवरचा, हे विचारण्याचा दंडक पडला.

वस्ताद घरी आले. औषधांनी तोंडाची चव गेली, मिशीचे केस विरळ झाले. प्रारंभी जोडलेल्या आतड्याला भार नको म्हणून मऊ भात आणि पेज एवढेच होते. भाजी-भाकरीची अनुज्ञा पुढे, क्रमाक्रमाने मिळणार होती. पडवीतली चूल थंड होती. इलाही येई, उंबऱ्याशी बसे, तालमीतल्या पोरांच्या तक्रारी सांगे. एक दिवस तो मेथीची मोठी जुडी घेऊन आला आणि ती ओट्यावर ठेवून म्हणाला, “बकऱ्याच्या तोंडातनं काढून आणलीया, वस्ताद. मधला दलाल आता नगं.” वस्तादांच्या ओठांची एक कड किंचित हलली. ऊर्मिलाबाईंनी ते दाराआडून पाहिले, आणि त्या लगेच आत गेल्या.

प्रतिकोष्ठ अजून कोनाड्यातच होता. संस्थेला तो अभ्यासासाठी हवा होता. एकाच बीजाची दोन आतडी, दोन अन्नांवर वाढलेली, असा योग तिला पुन्हा मिळणार नव्हता. परंतु पेशी वस्तादांच्या, म्हणून संमती त्यांची हवी होती. डॉक्टर मगदूम यांनी दोनदा विचारले. वस्तादांनी दोन्ही वेळा विषय तालमीकडे वळवला. ऊर्मिलाबाई पात्राला पुन्हा घास घालू लागल्या होत्या, कारण जिवंत वस्तूला उपाशी मारणे त्यांच्याने होईना. मात्र आता त्या ताटलीभोवती पाणी फिरवीत नसत, आणि घास घालताना मारुतीकडे पाहत नसत.

औषधांचा शेवटचा फेरा संपला. रोग शरीरात कोठे शिल्लक आहे किंवा नाही, हे काही महिन्यांनंतरच्या तपासणीत कळायचे होते, आणि तेही निश्चयाने नव्हे. भाजी-भाकरीची अनुज्ञा मात्र मिळाली. त्या दिवशी ऊर्मिलाबाईंनी शाळूच्या भाकऱ्या केल्या, मेथी परतली, मुगाची उसळ केली. वस्तादांचे ताट नेहमीप्रमाणे पडवीच्या ओट्यावर मांडले आणि धाकट्यांची ताटली घेऊन त्या देवघरात आल्या.

मागोमाग पावले वाजली. वस्ताद भिंतीचा आधार घेत उंबऱ्यापर्यंत आले, तेथे क्षणभर थबकले, आणि आत येऊन कोनाड्यासमोर मांडी घालून बसले. गुडघा वाकताना त्यांना कळ आली असावी. पात्रातली ती गुलाबी नळी संथ लयीत आकुंचन पावत होती, प्रसरण पावत होती. ते तिच्याकडे पाहत राहिले. हौदात उतरण्यापूर्वी समोरच्या मल्लाकडे पाहावे तसे. हा मल्ल त्यांच्याच वजनाचा, त्यांच्याच घराण्याचा होता, आणि त्याने त्यांना चीत केले होते.

“त्येला जे वाढलंस,” ते म्हणाले, “ते मला वाढ.”

ऊर्मिलाबाई म्हणाल्या, की बाहेरच्या ताटातही तेच आहे. वस्तादांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी हात पुढे केला. ऊर्मिलाबाईंनी ती लहानशी ताटली त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर मेथी घेतली आणि तोंडात घातला. तोंडाला चव नव्हती, तरी ते सावकाश, बारीक चावीत राहिले. घास गिळताना कपाळावर घाम आला. मग त्यांनी त्याच ताटलीतून, त्याच बोटांनी दुसरा घास केला, आणि तो पात्राच्या मुखाशी नेला.

ऊर्मिलाबाईंचा हात जन्मभराच्या सवयीने पुढे झाला. उष्टे होते ते. हात हवेतच थांबला.

पात्राचे झाकण उघडे होते. वस्तादांचा दंड, ज्याने कधी मैदाने मारली होती, तो घासाच्या वजनानेही खाली झुकत होता. ऊर्मिलाबाईंनी आपला तळहात त्यांच्या कोपराखाली धरला, आणि घास आत गेला.